पिल्लू कंपनीचे, रिकामे शेड आमचे

परवा कवठे महांकाळला कुक्कुटपालनावर एक व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते, बोलणे ओघवते होते आणि मुद्दा एकच होता. करारावर ब्रॉयलर पाळणारा शेतकरी हा या दुष्काळी तालुक्यातला सगळ्यात निश्चिंत माणूस! पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, विक्रीही कंपनीची. याने शेड द्यायचे, चाळीस-बेचाळीस दिवस पक्षी सांभाळायचे आणि किलोमागे पैसे मोजून घ्यायचे. द्राक्षवाला अवकाळीला भितो, डाळिंबवाला तेल्याला भितो, याला कसली भीती नाही, कारण भावाची जोखीम कंपनीने घेतलेली आहे. तरी हे लोक कुरकुरतात, कारण शेतकऱ्याला कुरकुरायची खोडच असते. या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. माझ्याही मळ्यात शेड आहे आणि त्या टाळ्या मला लागल्या.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. खाद्य फुकट मिळत नाही. त्याचा दर कंपनी ठरवते आणि बॅचच्या हिशोबात तो धरते. पाणी कमी लागते म्हणणाऱ्याने उन्हाळ्यात ढालगाव-नागजकडच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन बघावे. पक्षी खाद्याच्या दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच हजार पक्ष्यांच्या एका बॅचला तीस-पस्तीस हजार लिटर नुसते पिण्याला लागते आणि विहीर आटली की टँकर आपल्या खिशातून आणावा लागतो. आणि मेहनत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी मे महिन्यात भर दुपारी वीज गेल्यावर शेडमध्ये उभे राहावे. फॉगर बंद, पंखे बंद, पक्षी चोची उघडून धापा टाकत आहेत आणि आपण बादलीने गोणपाटे भिजवत पळतो आहोत.

आता भावाची जोखीम. व्याख्यानाचा सगळा डोलारा याच एका वाक्यावर उभा होता आणि ते वाक्यच खोटे आहे.

अंडे मशीनमध्ये ठेवल्यापासून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात. पहिले अठरा दिवस सेटरमध्ये, शेवटचे तीन हॅचरमध्ये. पिल्लू शेडमध्ये पडल्यावर दोन किलोचे व्हायला साधारण चाळीस दिवस. म्हणजे आज कापला जाणारा पक्षी दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी ठरवलेला असतो. गटारीला मटण-चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागतात, त्या गिऱ्हाइकासाठीची पिल्ले जूनच्या मध्याला शेडमध्ये पडतात आणि त्यांची अंडी मेच्या अखेरीस मशीनमध्ये जातात. श्रावणात मागणी पडणार हे कंपनीला तेव्हाच ठाऊक असते. मग ती काय करते? अंडी कमी लावते. अंडी कमी लागली की पिल्ले कमी निघतात, पिल्ले कमी निघाली की माझ्यासारख्यांची शेडे रिकामी राहतात. बाजार पडणार म्हणून कंपनीने हात आखडला, तो हात माझ्या चुलीवरून आखडला. फोन केला की सुपरवायझर म्हणतो, "दादा, पुढच्या आठवड्यात बघू." तो तरी बिचारा काय सांगणार? त्यालाही वरून कोणी काही सांगितलेले नसते.

याचा हिशोब मांडा. बॅच बेचाळीस दिवसांची, मग जुने तूस काढणे, शेड धुणे, चुना मारणे, निर्जंतुक करणे यांना पंधरा दिवस. सत्तावन्न दिवसांचा फेरा, वर्षाला सहा बॅच. बँकेपुढे प्रकरण ठेवताना हाच आकडा असतो आणि हप्ता त्यावरच बसतो. आता मधला गॅप पंधराचा चाळीस झाला, तर फेरा ब्याऐंशी दिवसांचा होतो आणि वर्षाला साडेचार बॅचसुद्धा धड होत नाहीत. दीड बॅच कोणी खाल्ली? बाजारभावानेच खाल्ली. मला भाव म्हणून तो कधी दिसला नाही, रिकामे दिवस म्हणून दिसला. करारात किलोमागचा दर लिहिलेला असतो, वर्षाला किती बॅच मिळतील हे लिहिलेले नसते. मजुराला रोजंदारी ठरवून द्यायची आणि कामाला किती दिवस बोलवणार ते सांगायचे नाही, यातलाच हा प्रकार. हप्ता मात्र रिकाम्या शेडचाही भरावा लागतो. पक्ष्याला एक चौरस फूट या हिशोबाने पाच हजार चौरस फुटांचे पत्र्याचे शेड उभे केले, त्यात द्राक्ष लावता येत नाही की ज्वारी पेरता येत नाही.

आणि भाव पडतो तेव्हा बॅचच्या दुसऱ्या टोकालाही आम्हीच सापडतो. मंदीत व्यापारी पक्षी उचलत नाही. पक्षी शेडमध्येच राहतो आणि पाच हजार पक्षी त्या वयात दिवसाला आठ-नऊशे किलो खाद्य फस्त करतात. खाल्लेल्या खाद्याच्या मानाने वजन पुरेसे वाढत नाही, म्हणजेच एफसीआर बिघडतो, प्रॉडक्शन कॉस्ट चढते आणि त्या चढलेल्या कॉस्टवर माझे संगोपन शुल्क कापले जाते. उचल कंपनीने लांबवली, कपात माझी झाली. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि दर कोसळले, तेव्हा पलीकडे बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक तालुक्यात जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले गेले. त्या काळात आपल्याकडे शेडांमध्ये पक्षी किती दिवस अडकले, नंतर पिल्ले किती उशिरा आली, हे जोखीम कंपनीची म्हणणाऱ्यांनी कोणत्याही शेडवाल्याला विचारावे.

इथे एक जुना वाद उकरावाच लागतो. २०१९ साली आपल्याच जिल्ह्यात, इस्लामपूर भागातून सुरू झालेला कडकनाथचा घोटाळा उघड झाला. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आम्ही चढ्या दराने परत घेतो, असे सांगून शेकडो शेतकऱ्यांना बुडवले. तेव्हाही पुढच्या रांगेतले लोक म्हणाले, शेतकरी हावरट, वाचून सही करत नाही. आज तेच लोक सांगतात की करारावर डोळे मिटून विश्वास ठेवा. मी ब्रॉयलरचा करार आणि कडकनाथ एका मापाने मोजत नाही. एक चालता व्यवसाय आहे, दुसरी फसवणूक होती. पण बुडाल्यावर शेतकरी मूर्ख आणि विचारल्यावर कुरकुऱ्या, हे कसे? विचारायचे तरी केव्हा?

बरे, पिल्लू येते तेव्हा कसले येते? व्याख्यानात पिल्लू हा शब्द चाळीसेक वेळा तरी आला असेल, पिल्लू कसे असावे यावर एक वाक्य आले नाही.

पिल्लांची गाडी बहुधा रात्री येते. शेडात तूस पसरलेले, वर कागद, चिक गार्डचे गोल, ब्रूडर आधीपासून तापवून ठेवलेले, कारण पहिल्या आठवड्यात बत्तीस-तेहेतीस अंश ऊब हवी. खोकी उतरतात, खोक्यात चार खण, खणात पंचवीस. जाणती बाई पिल्लू हातात घेऊन आधी बेंबी बघते. सुकलेली, मिटलेली असेल तर ठीक; काळा ठिपका किंवा ओल दिसली की ती बाजूला ठेवते, कारण आतला बलक सडला की ते पिल्लू तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते. मग पाय गालाला लावते. गार लागले की पिल्लू वाटेतच गारठले. गुडघे लाल असतील तर हॅचरीत उष्णता जास्त झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्याखालची पोतडी चाचपते. मऊ, भरलेली लागली तर खाद्य-पाणी दोन्ही पोटात गेले. हे सगळे तिला कळते. फक्त नाकारता काही येत नाही.

चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचे पिल्लू सात दिवसांत चौपटीच्या वर गेले पाहिजे. पण पिल्लाचे वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश असते आणि नुकत्याच अंड्यावर आलेल्या मादीची अंडी लहान असतात. त्या कळपाची पिल्ले पस्तीस-सदतीस ग्रॅमची भरतात. तशी पिल्ले आणि मोठ्या मादीची पिल्ले एकाच शेडात मिसळून टाकली, की धाकटी फीडरपाशी मागे राहतात, कळप खालीवर होतो आणि बॅचच्या शेवटी मरतुकीचा आणि एफसीआरचा दोष शेतकऱ्याच्या माथी येतो. पिल्लू कुठल्या कळपाचे, कधी फुटलेले, गाडीत किती तास होते, यातले काही शेतकऱ्याला सांगितले जात नाही. त्याची किंमत मात्र त्याच्या हिशोबात धरली जाते.

कंपन्यांनी काही केलेच नाही असे मी म्हणत नाही. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केली. तिथून पुढे या देशात पिल्लू, लस आणि खाद्य यांची जी साखळी तयार झाली, तिच्याशिवाय कवठे महांकाळात ब्रॉयलर दिसला नसता. १९८२ साली अंडीवाल्यांनी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती केली आणि आपला दर आपण सांगायला सुरुवात केली. अंडे त्यांचे होते म्हणून ते जमले. आमचा पक्षीच आमचा नाही, म्हणून दर मागण्यात अर्थ नाही. आम्ही मागायचे ते दिवसांचे भाडे.

मागणी एवढीच आहे. करार मराठीत असावा आणि त्यात वर्षाला किमान किती बॅच मिळतील ते लिहावे. शेड तयार असल्याचे कळवल्यावर पंधरा दिवसांपुढे पिल्ले आली नाहीत, तर दर दिवसाला चौरस फुटामागे भाडे द्यावे. उचल ठरल्या दिवसापुढे लांबली, तर त्यापुढचे खाद्य माझ्या एफसीआरमध्ये धरू नये. गाडीबरोबर चिठ्ठी यावी: पिल्लू फुटल्याची तारीख, मादीच्या कळपाचे वय, सरासरी वजन. पहिल्या तीन दिवसांतली मरतुक दोघांनी मिळून मोजावी. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचे ठरवले, वीजबिलाचा काही भार त्याने हलका होईल. पण कराराच्या कागदावर त्याने एक ओळही वाढत नाही. ती ओळ आपल्यालाच वाढवून घ्यावी लागेल आणि एकट्याने गेल्यास ती मिळणार नाही, कारण एकट्याचे शेड रिकामे ठेवणे कंपनीला सोपे आहे. एका रूटवरच्या, एकाच गाडीतून पिल्ले घेणाऱ्या वीस-पंचवीस शेडवाल्यांनी पुढच्या करारावर सही करण्याआधी एकत्र बसावे. कुची, देशिंग, रांजणीकडच्या ज्यांना हे पटते, त्यांनी आपल्या गेल्या वर्षीच्या बॅचच्या तारखा, पिल्ले पडल्याची आणि पक्षी उचलल्याची, कागदावर लिहून आणाव्यात.