डिप्लॉयमेंट डायग्राम घोकायचा कशाला?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, यूएमएलमधला डिप्लॉयमेंट डायग्राम मुलं मार्कांसाठी घोकतात, हे मला पटत नाही. घनाकृती खोका म्हणजे नोड, बहुतेक वेळा प्रत्यक्ष यंत्रच. खोक्यात त्यावर चालणारी फाईल, दोन खोक्यांमधली रेघ म्हणजे संपर्क. एवढंच तर आहे! (कंपोनंट डायग्राममध्ये सॉफ्टवेअरचे भाग असतात, यंत्रं नाहीत. इथेच पोरं गोंधळतात.)

त्यापेक्षा निकालाची वेबसाइट काढायला द्या. मोबाईल, वेब सर्व्हर, डेटाबेस सर्व्हर. मग विचारा, हजारो मोबाईल एकदम आले तर रेघा कुठे जाऊन मिळतात? साइट का अडकते ते मुलंच बोट ठेवून दाखवतील. लगेच दुसरा वेब सर्व्हर जोडतील. जोडू द्या. तरी डेटाबेसचा खोका एकच उरतो, आणि खरा वाद तिथून सुरू होतो.