पंचांचे डोळे आणि यंत्राचे डोळे

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या परिचयाचा पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. त्यांत दोन्ही टोकांस निमुळता असा चेंडू हातीं घेऊन धांवतात, दूरवर फेंकतात, आणि प्रतिपक्षाचे गडी धांवणाऱ्यास अंगाशीं भिडून भुईवर पाडतात. चढाई करणाऱ्या पक्षास चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यांत दहा यार्ड पुढें सरकतां आलें तर आणखी चार मिळतात. न आलें तर चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं जातो. सारा खेळ असा वितीवितीनें चालतो, व म्हणूनच चेंडू नेमका कोठें थांबला हें ठरविणाऱ्या सात पंचांवर मोठा भार असतो. तेथील व्यावसायिक संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्यें या पंचांस यंत्रांचें साह्य किती असावें, हा वाद सुमारें चाळीस वर्षें चाललेला आहे.

घडलेला प्रसंग चित्रांत पुन्हा पाहून निर्णय तपासण्याची पद्धति तेथें १९८६ सालीं सुरू झाली, आणि १९९१ च्या हंगामानंतर बंद पडली. १९९९ सालीं ती पुन्हा आली ती एका शहाणपणाच्या अटीसह. संघाच्या शिक्षकास निर्णय मान्य नसेल तर त्यानें लाल रुमाल मैदानांत टाकावा. परंतु त्याचें म्हणणें चुकीचें ठरल्यास संघाची एक राखीव विश्रांति जाते. तक्रारीस किंमत पडूं लागली कीं तक्रार करणारा दोनदां विचार करतो. (आपल्याकडील सामन्यांत कडेला उभे राहून ओरडणाऱ्या पालकांसही असा एकेक रुमाल दिला तर काय होईल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.)

यंत्रामुळें पंचाचा मान जातो, असा एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. मला तो पटत नाहीं. क्रीडांगणांत हजारों प्रेक्षक बसलेले असतात, त्यांच्यासमोर प्रचंड पडद्यावर तोच प्रसंग संथ गतीनें पुन्हा दाखविला जातो, घरोघर लक्षावधि लोक तो पाहतात. सत्य सर्वांस कळावें, आणि तें ज्यानें सांगावयाचें त्या एकट्यानेंच डोळे झांकून बसावें, यांत मान कसला? आपणां क्रिकेटप्रेमी लोकांस हें कळण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. १९९२ च्या नोव्हेंबरांत डरबन येथील कसोटींत तिसऱ्या पंचानें चित्र पाहून ज्या पहिल्या फलंदाजास धांवबाद ठरविलें, तो मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर होता. त्या निकालानें मैदानावरील पंचाची योग्यता तिळभर उणी झाली, असें कोणी म्हणणार नाहीं.

तथापि यंत्रास सर्वच प्रश्न विचारतां येत नाहींत, हेंही तितकेंच खरें. २० जानेवारी २०१९ रोजीं न्यू ऑर्लीन्सचा सेंट्स व लॉस एंजेलिसचा रॅम्स या संघांत उपान्त्य सामना झाला. अखेरचीं दोन मिनिटेंही उरलीं नव्हतीं, गुण समान होते. अशा वेळीं चेंडू येऊन पोंचण्यापूर्वींच रॅम्सच्या गड्यानें झेल घेणाऱ्यास जोरानें धडक दिली. सर्वांनीं पाहिलें, पंचांनीं दोष दिला नाहीं. जादा वेळांत रॅम्स २६-२३ असे जिंकले. तो दोष द्यावयास हवा होता, हें पुढें लीगच्या आयुक्तांनींच मान्य केलें. लागलीच नियम झाला कीं असले अडथळेही चित्र पाहून तपासावे. परंतु एका हंगामानंतर तो नियम सोडून द्यावा लागला. चेंडूनें रेषा ओलांडली कीं नाहीं, याचें उत्तर एकच असतें. पण धक्का अन्याय्य होता काय, याविषयीं तेंच चित्र पाहून दोन प्रामाणिक माणसें दोन मतें देतात. २०२५ च्या हंगामासाठीं कांहीं विशिष्ट दोषांपुरती वेगळी तोड काढली गेली. पंचानें चुकून दिलेला दोष चित्राच्या आधारें मागें घेतां येतो, पण न दिलेला दोष नव्यानें लादतां येत नाहीं. निरपराध्यास शिक्षा होऊं नये, हा भाग मला मान्य आहे. पण ज्याच्यावर उघड अन्याय झाला त्या सेंट्ससारख्यांस यांतून कांहींच मिळत नाहीं.

माझी खरी तक्रार याहून निराळी आहे. दहा यार्ड पुरे झाले कीं नाहीं हें मोजण्यास दोन काठ्यांस बांधलेली साखळी मैदानांत आणण्याची जुनी चाल होती. २०२५ पासून तिची जागा हॉक-आय या यंत्रणेनें घेतली. क्रिकेटच्या प्रक्षेपणांत २००१ सालीं प्रथम दिसलेली, पायचीतच्या वादांत आपण नित्य पाहतों तीच ही यंत्रणा. अतिशय सुस्पष्ट चित्र टिपणारे सहा कॅमेरे क्षणार्धांत अंतर सांगतात. उत्तम! परंतु मोजावयाचें कोठून? जेथें पंचानें चेंडू ठेवला तेथून. आणि ती जागा आजही डोळ्यांनींच ठरते. सोनाराचा कांटा गुंजभरही चुकूं नये, आणि त्यांत टाकावयाचें सोनें मात्र मुठीनें अंदाजून घ्यावें, तशांतला हा प्रकार झाला.

२६ जानेवारी २०२५ रोजीं बफेलोचा बिल्स व कॅन्सास सिटीचा चीफ्स यांच्या उपान्त्य सामन्यांत हेंच दिसलें. बिल्स २२-२१ असे पुढें होते. चौथ्या प्रयत्नांत जॉश ॲलन चेंडू घेऊन गर्दींत घुसला. दोन बाजूंनीं आलेल्या पंचांच्या खुणा जुळल्या नाहींत. चेंडू कमी पडल्याचा निर्णय झाला, चित्रें तपासूनही तोच राहिला, आणि बिल्स २९-३२ असे हरले. माणसांच्या ढिगाखालीं चेंडू कोणत्याच कॅमेऱ्यास नीट दिसला नव्हता.

चेंडूंत बसविलेल्या छोट्या यंत्रांतून त्याचा ठावठिकाणा कळतो, पण तेवढ्यानें भागत नाहीं. धांवणाऱ्याचा गुडघा भुईस टेकला त्या क्षणीं चेंडू कोठें होता, हें पाहिजे. गुडघ्याचा क्षण एका साधनानें व चेंडूची जागा दुसऱ्यानें पकडून दोहोंचा मेळ घालावा लागेल. लीगनें पैसा व बुद्धि येथें खर्चावी. मोजण्याचा प्रश्न सुटलेलाच होता. साखळी वेळ घेई, एवढाच तिचा अपराध. आणि गंमत अशी कीं, नवी यंत्रणा आली त्या हंगामांतही साखळीवाल्यांस घरीं पाठविण्यांत आलें नाहीं. कॅमेरे बंद पडले तर असावी, म्हणून ती साखळी कडेला तयार ठेवलेलीच होती.