ओली चादर लपवू नका

मे महिन्याची सुट्टी आणि लग्नसराई आली की घरोघरी प्रवासाचे बेत ठरू लागतात. पूर्वी परगावी गेलो की नातेवाइकांच्या घरी ओळीने अंथरुणे पडत. आता घरे लहान झाली, माणसे कामात गुंतली. लग्नाला गेलेले कुटुंबही लॉजवर उतरते. सहल असेल, मोठ्या मुलीची परीक्षा असेल, शहरातल्या दवाखान्यातले उपचार असतील, दोन रात्री हॉटेलात काढणे आता सामान्य घरांनाही नवे राहिलेले नाही.

पण काही घरांत हे बेत ठरत असताना आई गप्प असते. तिचा सहा-सात वर्षांचा मुलगा अजून रात्री अंथरूण ओले करतो. घरी गादीवर मेणकापड आहे, वाळत घालायला दोरी आहे. परक्या गादीचे काय? मग "तुम्ही सगळे जा, मी याला घेऊन घरी थांबते" असे ठरते. किंवा सगळे जातात, पण मुलाला दुपारपासून पाणी देत नाहीत आणि आई रात्रभर जागी राहते. एवढे करूनही गादी ओली झाली तर चादर उलटी घालून, वर ब्लँकेट पसरून, सकाळी घाईघाईने खोली सोडली जाते.

आम्हाला या दोन्ही वाटा पटत नाहीत. पहिलीत मुलाला न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा होते. दुसरीत आपल्या लाजेचा भार दुसऱ्याच कुणावर तरी टाकला जातो. आमचे म्हणणे सरळ आहे. प्रवास टाळू नका, मुलाला बोलू नका, तयारीने जा आणि गादी ओली झालीच तर ती लपवू नका.

हा आळस नाही, हट्टही नाही

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण १५ मुले झोपेत अंथरूण ओले करतात. म्हणून पाच वर्षांच्या आत या गोष्टीला वैद्यकशास्त्र आजार मानतच नाही. पुढे दरवर्षी अशा मुलांपैकी सुमारे १५ टक्के मुलांची ही सवय कोणत्याही औषधाविना आपोआप सुटते. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जास्त दिसते.

याची कारणे शरीरात आहेत. रात्री मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक जास्त सुटते आणि त्यामुळे मूत्रपिंडे लघवी कमी तयार करतात. काही मुलांत हे संप्रेरक रात्री पुरेसे वाढत नाही. काहींच्या मूत्राशयात रात्रभराची लघवी मावत नाही. आणि मूत्राशय भरल्याचा निरोप पोहोचला तरी या मुलांना जाग येत नाही. बद्धकोष्ठता असेल तर भरलेले आतडे मूत्राशयावर दाबते आणि त्रास वाढतो. यात आनुवंशिकताही मोठी आहे. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, दोघांनाही असेल तर ७७ टक्क्यांच्या आसपास असते. तेव्हा मुलावर डोळे वटारण्याआधी बाबांनी एकदा आपल्या आईला विचारून पाहावे.

झोपेत जे घडते ते मूल ठरवून करत नाही. म्हणून मारून, ओरडून, लाजवून ते थांबतही नाही. "घोडा झालास तरी गादी भिजवतोस" हे वाक्य चार पाहुण्यांसमोर ऐकलेले मूल दुसऱ्या रात्री झोपायलाच घाबरते. कुणी ताईत बांधायला सांगते, कुणी अंगारा लावायला. त्याने संप्रेरक वाढत नाही आणि मूत्राशयही मोठे होत नाही. कारण शरीरात असेल तर उत्तरही शरीराला समजून घेऊनच शोधावे लागेल.

आणखी एक गोष्ट. अशा मुलाला खोलीतल्या पलंगावरून उठवून कोपऱ्यात एकट्याला खाली झोपवण्याची पद्धत काही घरांत आहे. खाली झोपवायचेच असेल तर आई किंवा वडील यांनीही त्याच्याजवळ खाली झोपावे. वेगळे बसवले जाण्याचे दुःख काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. ते आपल्याच घरात आपल्याच लेकराच्या वाट्याला येऊ देऊ नये.

पिशवीत काय असावे

तयारी फार खर्चाची नाही. दवाखान्यात वापरतात तसले रबरी शीट औषधांच्या दुकानात मिळते. साधे मेणकापडही चालते. पातळ प्लास्टिकची पिशवी मात्र अंथरुणात घालू नये, लहान मुलाच्या नाकातोंडावर ती येणे धोक्याचे आहे. हॉटेलच्या चादरीवर हे शीट, त्यावर घरून आणलेली जाड चादर किंवा जुनी सतरंजी, असे अंथरूण केले की गादी बहुतेक वेळा वाचते. सोबत आणखी एक चादर, दोन जुने टॉवेल, मुलाचे दोन जोड कपडे आणि ओले कपडे ठेवायला घट्ट तोंडाची पिशवी असावी. खाण्याच्या सोड्याची छोटी पुडी ठेवली तर वासासाठी उपयोगी पडते.

मोठ्या मुलांसाठी पँटसारखे घालायचे डायपर मिळतात. प्रवासापुरते ते वापरण्यात गैर काही नाही. मात्र मुलाला आधी विचारावे. "दोन रात्री हे घातलेस तर तुलाही निवांत झोप लागेल" असे सांगितले तर बहुतेक मुले तयार होतात. भावंडांसमोर हसत हसत घातले तर तीच वस्तू अपमानाची होते.

खोली घेताना शक्य असेल तर आत स्वच्छतागृह असलेली मागावी. काही साध्या लॉजवर संडास-बाथरूम व्हरांड्याच्या टोकाला असते. अनोळखी जागी, अंधारात, सहा वर्षांचे मूल तिथवर एकटे जाणार नाही. जाग आली तरी ते पडून राहील आणि पुन्हा झोपेल. म्हणून पोहोचल्याबरोबर त्याला जागा दाखवावी, दिव्याचे बटण दाखवावे आणि रात्री एक दिवा चालू ठेवावा. "कधीही उठव, मी येते" एवढे शब्द त्याला पुरतात.

पाणी तोडू नका

प्रवासात सर्वांत जास्त चूक पाण्याची होते. गादी भिजेल म्हणून मुलाला दिवसभर तहानलेले ठेवले जाते. एसटी स्टँडवरचे स्वच्छतागृह घाण म्हणून मूल लघवी दाबून बसते. मग संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर ते दोन ग्लास पाणी आणि वर कोल्ड्रिंक पिते. रात्री गादी भिजते ती यामुळे. उन्हात पाणी तोडणे तर धोक्याचेच.

पाणी सकाळी आणि दुपारी भरपूर द्यावे, संध्याकाळनंतर बेताने. तहान लागली तर घोटभर द्यावे, पण चहा, कॉफी आणि कोला रात्री नको. गाडी थांबेल तेव्हा, साधारण दोन-तीन तासांनी, मुलाला लघवीला न्यावे. लग्नाच्या जेवणावळीत पुऱ्या आणि गोडधोड होते, भाजी-फळे राहून जातात, अनोळखी संडासात मूल जायला तयार नसते. त्यातून होणारी बद्धकोष्ठता रात्रीच्या त्रासात भर घालते. पेरू, पपई, केळी सोबत ठेवणे सोपे आहे.

झोपण्यापूर्वी दोनदा लघवीला न्यावे, एकदा दात घासण्याआधी आणि एकदा दिवा मालवताना. मोठी माणसे झोपायला जाताना मुलाला एकदा उठवून नेले तर त्या रात्रीपुरती चादर वाचू शकते, मात्र त्याने मूळ त्रास बरा होत नाही. आणि उठवायचे तर नीट जागे करावे. झोपेतच उचलून नेले तर मूल झोपेतच लघवी करायला शिकते.

ती चादर कुणीतरी धुते

इतके करूनही एखाद्या रात्री गादी ओली होईल. तेव्हा काय करायचे, हाच आमच्या लेखाचा खरा मुद्दा आहे.

लपवलेली ओली गादी नाहीशी होत नाही. आपण बस स्टँडवर पोहोचलेलो असतो तेव्हा खोली आवरणारी बाई ब्लँकेट उचलते आणि तिच्या हाताला ते लागते. काय लागले हे तिला ठाऊक नसते. हातात मोजे असतीलच असे नाही. दुसरा पाहुणा तासाभरात येणार म्हणून तिच्यावर मालकाची घाई असते. गादीला वास राहिला तर बोलणी तीच खाते. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या आया, बहिणी, भाऊ हॉटेलांत आणि इस्पितळांत हेच काम करतात. दुसऱ्याने न सांगता टाकलेली घाण उचलावी लागणे म्हणजे काय, हे त्या घरांना माहीत आहे. पैसे भरले म्हणून सांगण्याची जबाबदारी संपत नाही.

म्हणून रात्री लक्षात आले की आधी मुलाला कोरडे कपडे द्या. फार बोलू नका, "होतं कधी कधी, झोप आता" एवढे पुरे. गादीपर्यंत ओल गेली असेल तर जुना टॉवेल दाबून ती टिपा, चोळू नका. चोळल्याने ओल आत जाते. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुन्हा टिपा आणि पंखा चालू ठेवा. ओल टिपून झाल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून काही वेळ ठेवला तर वास कमी होतो. ब्लीच किंवा संडास धुण्याचे ॲसिड कधीही ओतू नका. लघवीशी ब्लीच मिसळले की घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो.

सकाळी ओली चादर काढून वेगळी गुंडाळून ठेवा आणि काउंटरवर सांगा. "दादा, रात्री मुलाने चादर ओली केली. आम्ही काढून ठेवली आहे. गादीलाही थोडी ओल आहे, बघून घ्या." यात लाज वाटण्यासारखे काही नाही. खोली आवरायला येणाऱ्या ताईंनाही सांगा आणि जमेल तसे पन्नास-शंभर रुपये त्यांच्याच हातात द्या. धुण्याचा वाजवी खर्च मागितला तर द्यावा. अख्ख्या नव्या गादीची किंमत मागितली तर शांतपणे बोलावे आणि पावती मागावी. हे बोलणे मुलासमोर मात्र करू नये. एकाने काउंटरवर जावे, दुसऱ्याने मुलाला नाश्त्याला न्यावे.

मूल तयार असेल तर ओले कपडे पिशवीत भरायला त्याची मदत घ्यावी. शिक्षा म्हणून नको, कामाचा वाटा म्हणून. आपले काम आपण करतो, दुसऱ्यावर टाकून जात नाही, हे मूल यातून शिकते.

हॉटेल-लॉज चालवणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. प्रत्येक गादीवर धुता येणारे, पाणी न झिरपणारे आवरण घालणे ही चैन नव्हे. खोली आवरणाऱ्यांना हातमोजे देणे हा तर मालकाच्या कर्तव्याचा भाग आहे. आणि खरे सांगायला आलेल्या आईवर आवाज चढवला तर पुढची आई सांगणार नाही, एवढे तरी मालकांनी लक्षात घ्यावे.

डॉक्टरांकडे कधी जावे

सात वर्षांनंतरही आठवड्यातून अनेकदा असे होत असेल, किंवा मूल त्यामुळे खट्टू होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ओल लागताच वाजणारा गजर वापरून अनेक मुलांचा त्रास जातो, पण त्याला दोन-तीन महिने लागतात. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात तो सुरू करून उपयोग नाही. काही दिवसांपुरती डेस्मोप्रेसिन नावाची गोळी डॉक्टर देऊ शकतात. ती आधी घरी वापरून पाहावी लागते. घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी कमी प्यावे लागते, नाहीतर रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून शेजारच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला कधीही देऊ नये.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नये. सहा महिने किंवा जास्त काळ कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, लघवीला जळजळ किंवा ताप असेल, सारखी तहान लागून वजन उतरत असेल, दिवसाही कपडे ओले होत असतील, मूल रात्री मोठ्याने घोरत असेल तर लगेच दाखवावे. तहान आणि वजन घटणे ही मधुमेहाची खूण असू शकते. कधी कधी यामागे भीती असते, घरातली, शाळेतली किंवा कुणी केलेल्या वाईट वागणुकीची. मुलाला जवळ घेऊन विचारावे, त्याचे ऐकावे. गरज पडली तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

ही सवय आज ना उद्या जाईल. त्या रात्री आपण कसे वागलो हे मात्र मुलाच्या लक्षात राहील. तेव्हा या सुट्टीत त्याला मागे ठेवू नका. रबरी शीट पिशवीत टाका, त्याचा हात धरा आणि निघा.