मागच्या दाराने येणारा राजदूत

रशियन राजदूताशी दूरध्वनीवर काय बोलणे झाले, हे उपाध्यक्षांना नीट सांगितले नाही म्हणून फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांना पद सोडावे लागले. त्या राजदूताचे नाव सर्गेई किस्लियाक. त्यांना कोण, कोठे आणि कशासाठी भेटले याचीच चर्चा नंतर वॉशिंग्टनमध्ये कित्येक महिने चालली होती. जणू भेट हाच अपराध. याच शहरात एके काळी एका रशियन राजदूताची मोटार परराष्ट्र खात्याच्या तळघरात जाऊन थांबत असे आणि तेथून ते कोणाच्या नजरेस न पडता वर जात. अनातोली दोब्रिनिन १९६२ ते १९८६ या काळात तेथे सोव्हिएट युनियनचे राजदूत होते. केनेडींपासून रेगनपर्यंत सहा अध्यक्षांशी त्यांचा संबंध आला.

दोब्रिनिन मूळचे विमान अभियंते. महायुद्ध संपत आले असता मॉस्कोने नव्या दमाची माणसे परराष्ट्र खात्याकडे वळवली, त्यांत ते आले. वॉशिंग्टनच्या वकिलातीत उमेदवारी, संयुक्त राष्ट्रसंघात उपसरचिटणीसपद, मग मॉस्कोत अमेरिका विभागाचे प्रमुखपद, अशा पायऱ्या चढून ते बेचाळिसाव्या वर्षी राजदूत झाले.

सहा-सात महिन्यांतच क्यूबाचा पेच उभा राहिला. क्यूबात क्षेपणास्त्रे नेली जात आहेत याची क्रुश्चेव्ह यांनी आपल्या राजदूताला गंधवार्ताही लागू दिली नव्हती. तेथे आक्रमक शस्त्रे नाहीत, असे दोब्रिनिन प्रामाणिक समजुतीने अमेरिकनांना सांगत राहिले. सत्य त्यांना कळले ते २२ ऑक्टोबर रोजी, केनेडींच्या भाषणाआधी थोडाच वेळ, परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांच्या तोंडून. आपल्याच सरकारने असे तोंडघशी पाडल्यावर एखाद्या राजदूताची पत कायमची गेली असती. पण २७ ऑक्टोबरच्या रात्री रॉबर्ट केनेडी यांनी निर्वाणीची बोलणी करण्यासाठी बोलावले ते दोब्रिनिन यांनाच. तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे चार-पाच महिन्यांत काढली जातील, मात्र याची वाच्यता होता कामा नये, असा निरोप त्यांनी मॉस्कोला कळवला. त्या काळी दोन राजधान्यांमध्ये थेट दूरसंदेश यंत्रणा नव्हती. जगाचे भवितव्य ज्यांवर अवलंबून होते त्या सांकेतिक तारा न्यायला तार कंपनीचा पोऱ्या सायकलवरून वकिलातीत येत असे. दुसऱ्याच दिवशी क्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. तुर्कस्तानविषयीचे वचन लेखी नोंदवणारे पत्र दोब्रिनिन यांनी रॉबर्ट केनेडी यांना दिले, तेव्हा त्यांनी ते परत केले. हे गुपित दोन्ही बाजूंनी दीर्घकाळ सांभाळले. १९८९ मध्ये मॉस्कोतील परिषदेत दोब्रिनिन यांनी हा विषय काढल्यावर, रॉबर्ट केनेडी यांच्या पुस्तकातील हा मजकूर आपणच सौम्य केला होता, असे केनेडींचे सहकारी थिओडोर सोरेन्सन यांनी कबूल केले.

निक्सन यांच्या काळात या गुप्त वाटेचा राजमार्गच झाला. १९६९ पासून किसिंजर आणि दोब्रिनिन व्हाइट हाउसमध्ये एकांतात भेटू लागले. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांना पुष्कळदा पत्ता नसे. मे १९७१ मधील शस्त्रनियंत्रणविषयक समझोता या दोघांत ठरला, तेव्हा अधिकृत वाटाघाटी करणारे जेरार्ड स्मिथ अंधारात होते. या पद्धतीचे फळ म्हणजे १९७२ चा साल्ट करार. तिचा दोषही तितकाच उघड आहे. ज्या धोरणाची देशातील संस्थांना माहिती नाही, त्याला त्या संस्थांचा आधारही मिळत नाही. काँग्रेसने १९७४ मध्ये रशियाशी व्यापाराच्या सवलती ज्यूंच्या स्थलांतराशी जोडल्या, तेव्हा किसिंजर यांच्या खाजगी आश्वासनांना काही किंमत उरली नाही. बांगलादेश युद्धाच्या वेळी दोब्रिनिन मॉस्कोत होते; भारताला आवरा, असा निक्सन-किसिंजर यांचा धोशा ऐकण्याची पाळी प्रभारी दूत युली वोरोन्त्सोव्ह यांच्यावर आली. हेच वोरोन्त्सोव्ह पुढे दिल्लीत राजदूत म्हणून आले.

राजदूत कितीही जाणता असला, तरी निर्णय त्याच्या हाती नसतात. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सैन्य शिरत असल्याचे निवेदन त्यांनी जॉन्सन यांना वाचून दाखवले. जॉन्सन यांचे चित्त नियोजित शिखर भेटीत गुंतले होते. त्या निवेदनाचा अर्थ त्यांच्या ध्यानात उशिरा आला. अफगाणिस्तानचे प्रकरण तीन-चार आठवड्यांत आटोपेल, असे ब्रेझनेव्ह आपल्याला म्हणाल्याचे दोब्रिनिन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले आहे. अमेरिकेची नाडी जाणणाऱ्या माणसाला अमेरिकेत काय पडसाद उमटतील हे आधी विचारण्याची गरज पॉलिटब्यूरोला वाटली नाही. ज्या राजवटीची बाजू त्यांनी आयुष्यभर कौशल्याने मांडली, तिचे हे न्यून त्यांना दिसत नव्हते असे मुळीच नाही. ते त्यांनी राजवट गेल्यावर लिहिले, इतकेच.

१९८१ मध्ये अलेक्झांडर हेग परराष्ट्रमंत्री झाले आणि तळघराची वाट बंद झाली. दोब्रिनिन यांची मोटार पुढच्या दाराशी, छायाचित्रकारांच्या देखत येऊ लागली. तरीही फेब्रुवारी १९८३ मध्ये जॉर्ज शुल्ट्झ यांनी त्यांना गुपचूप रेगन यांच्याकडे नेले. सुमारे दोन तास बोलणे झाले. मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीत १९७८ पासून आश्रयाला असलेल्या पेंटेकोस्टल कुटुंबांना देश सोडू द्या, याचा गाजावाजा मी करणार नाही, अशा आशयाची मागणी रेगन यांनी केली. त्याच वर्षी त्या कुटुंबांना जाऊ दिले गेले आणि रेगन यांनी शब्द पाळला.

१९८६ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दोब्रिनिन यांना मॉस्कोत बोलावून पक्षाच्या आंतरराष्ट्रीय विभागाची सूत्रे दिली. ती त्यांच्याकडे दोनच वर्षे राहिली. ६ एप्रिल २०१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दोनच दिवसांनी प्रागमध्ये ओबामा आणि मेद्वेदेव्ह यांनी नव्या स्टार्ट करारावर सह्या केल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने त्यातील आपला सहभाग स्थगित केला.