फाइल कुणाच्या टेबलावर आहे?

खरं सांगा, तुमच्या ऑफिसात ५ जूनला काय होतं?

आमच्या ग्रुपमध्ये एकदा या विषयाची उजळणी झाली. सगळीकडची स्टोरी सेम! हिरवे टी-शर्ट, गेटजवळ आधीच खणून ठेवलेले खड्डे, मोठ्या साहेबांच्या हातात झारी, फोटो, टाळ्या. मग कागदी प्लेटमध्ये सामोसे आणि प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी. एका मैत्रिणीने तर शपथेवर सांगितलं, की त्यांच्याकडे चार वर्षं खड्डे तेच आहेत, फक्त रोप दरवर्षी नवीन! सगळे पोट धरून हसले. मी मात्र जरा गप्पच होते. कारण अशाच फोटोंखालच्या ओळी लिहून मी घरभाडं भरते.

हो, कबूल करून टाकते. मास कॉमची डिग्री घेऊन फ्रीलान्सिंग करणाऱ्या माणसाला नुसत्या लेखांच्या मानधनावर पुण्यात राहणं परवडत नाही. मग ब्रोशर, न्यूजलेटर, वार्षिक अहवाल असली कामं घ्यावी लागतात. त्यात हल्ली सगळ्यात जास्त मागणी आहे ती ‘सस्टेनेबिलिटी’ला. मराठीत शाश्वतता. दोन्ही शब्द ऐकले की मीटिंगमधले निम्मे लोक मोबाइल बघायला लागतात, ही गोष्ट वेगळी.

टी-शर्टची साइझ

गेल्या वर्षी चाकणच्या बाजूच्या एका कंपनीचं काम आलं. नाव नको. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी, बऱ्यापैकी मोठी, खाऊनपिऊन सुखी कंपनी. त्यांच्या बड्या ग्राहकाने एक लांबलचक प्रश्नावली पाठवली होती. वीज किती वापरता, पाणी कुठून घेता, कचऱ्याचं काय करता वगैरे. मी त्याची उत्तरं नीट भाषेत लिहायची आणि सोबत एक चकचकीत पुस्तिका करायची, असं ठरलं.

एका प्रश्नापाशी गाडी अडली. ‘संचालक मंडळात या विषयाची जबाबदारी कुणाकडे आहे?’

एचआरचा मॅनेजर म्हणाला, ‘लिहा ना मॅम, आमची ग्रीन कमिटी आहे.’

‘तिची शेवटची मीटिंग कधी झाली?’

तो मनापासून हसला. ‘वृक्षारोपणाच्या आदल्या आठवड्यात. टी-शर्टच्या साइझ ठरवायला!’

त्याच दिवशी फोटोंसाठी प्लांटमध्ये फिरत होते. मेंटेनन्सचे एक साहेब सोबत होते, निवृत्तीला आलेले. मला म्हणाले, ‘ताई, रविवारी या. मशिनं बंद असतात. मग ऐकू येईल.’ काय ऐकू येईल? तर फुस्स्स्! कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनला जागोजागी गळती आहे. कारखान्यात हवा दाबून पाइपांमधून फिरवतात, त्यावर अवजारं चालतात. ती हवा गळली की भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि वीज उगाच जळते. लाइन दुरुस्त करा, कॉम्प्रेसर बदला, असा प्रस्ताव साहेब तीन वर्षं देत होते. दर वर्षी नामंजूर! कारण खर्च पडणार मेंटेनन्सच्या बजेटवर आणि बचत दिसणार प्लांटच्या वीजबिलात. पैसे एकाचे जाणार, शाबासकी दुसऱ्याला मिळणार. कोण सही करेल?

पुस्तिकेत मात्र या फुस्स् आवाजाला जागा नव्हती. तिथे झाडांचे बारा फोटो होते.

दोन टक्के आणि अठ्ठ्याण्णव टक्के

आता तुम्ही म्हणाल, झाडं लावण्यात वाईट काय? काहीच नाही. पण आपला एक फंडा इथे हमखास गंडतो. आपल्या कंपनी कायद्यातली सीएसआरची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे, असा तो नियम. म्हणजे सीएसआर हा नफा झाल्यानंतरचा विषय. सस्टेनेबिलिटी विचारते, की मुळात तो नफा कमावला कसा? कुठलं पाणी वापरून, किती वीज जाळून, कुणाच्या अंगणात कचरा टाकून? दोन टक्क्यांचा फोटो काढता येतो. अठ्ठ्याण्णव टक्क्यांसाठी धंद्याची मांडणीच बदलावी लागते, आणि ते एचआरच्या हातात नसतं.

मग ते ज्यांनी केलं, त्यांनी नेमकं काय केलं? त्या रात्री मी शोधत बसले आणि एका गालिचेवाल्यापाशी पोहोचले.

गालिचेवाला रे अँडरसन

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रे अँडरसन नावाच्या इंजिनिअरने १९७३ मध्ये ‘इंटरफेस’ ही कंपनी काढली. ऑफिसात जमिनीवर चौकोनी गालिचे घालतात ना, फरशीसारखे, ते बनवणारी. नायलॉनचा धागा पेट्रोलियमचा, खालचा थरही पेट्रोलियमचाच. म्हणजे खनिज तेलाचाच सगळा कारभार. एकवीस वर्षं धंदा जोरात चालला.

१९९४ मध्ये ग्राहक सेल्सच्या लोकांना विचारायला लागले, ‘पर्यावरणासाठी तुमची कंपनी काय करते?’ कंपनीतल्या काही जणांनी गट जमवला आणि अँडरसनना सांगितलं, तुम्ही येऊन आपलं धोरण सांगा. पंचाईत अशी, की धोरण नव्हतंच! ‘आपण कायदा पाळतो’ यापलीकडे बोलण्यासारखं काहीही नाही. तेवढ्यात पॉल हॉकेन यांचं ‘द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ हे पुस्तक त्यांच्या हाती आलं. छातीत भाला घुसावा तसं झालं, असं ते पुढे नेहमी सांगायचे. वय साठ. स्वतः उभी केलेली कंपनी. आणि आपण पृथ्वीची लूट करतोय, असं स्वतःबद्दल जाहीरपणे म्हणायचं! आपल्याकडे या वयात लोक मुलाला गादीवर बसवून चारधामला जातात.

अँडरसननी सुरुवात केली ती ‘वाया जाणं’ या शब्दाच्या व्याख्येपासून. गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा नाही असा कुठलाही खर्च म्हणजे वाया. उरलेले तुकडे वाया, चुकीचं बिल वाया, आणि पुढे जाऊन खनिज तेलातून मिळालेली ऊर्जासुद्धा वायाच. मग कारखान्यातल्या कामगारांचे गट केले आणि त्यांनाच विचारलं, तुमच्याकडे काय वाया जातं? आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांना असा प्रश्न आजवर कुणी विचारलाय का?

२००९ च्या एका भाषणात अँडरसननी हिशेब मांडला. वाया जाणं थांबवून वाचलेले पैसे सुमारे ४० कोटी डॉलर, आणि सगळ्या बदलाचा खर्च त्यातूनच निघाला! डिझायनरनेही कमाल केली. जंगलातल्या जमिनीवर पानं कशीही पडलेली असतात, तरी छानच दिसतात. तसा, कुठलेही दोन तुकडे सारखे नसलेला गालिचा २००० मध्ये आला. कसाही फिरवून बसवा, मॅच करायची भानगड नाही. त्यामुळे बसवताना वाया जाणारे तुकडे कमी झाले. आणि मालही तुफान खपला.

अँडरसन २०११ मध्ये गेले. पण २०२० पर्यंत पर्यावरणावरचा वाईट परिणाम शून्यावर आणायचा, हे ठरवलेलं काम कंपनीने चालू ठेवलं आणि २०१९ मध्ये लक्ष्य गाठल्याचं जाहीर केलं. त्यात बाजारातून विकत घेतलेल्या कार्बन क्रेडिटचाही आधार होता, हे सांगायला हवं. तरीही मालक गेल्यावर त्याचं वेड टिकणं, ही सोपी गोष्ट नव्हे.

तिथेही फाइल अडकली होती

मला मात्र त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट फसलेली आहे. १९९५ मध्ये इंटरफेसने एक भन्नाट कल्पना काढली. गालिचा विकायचाच नाही, भाड्याने द्यायचा! देखभाल कंपनी करणार, झिजलेले तुकडे परत नेऊन पुन्हा वापरणार. कागदावर एक नंबर. प्रत्यक्षात फारसं कुणी घेतलं नाही. का? ग्राहकाच्या ऑफिसात गालिचाची खरेदी भांडवली खर्चात बसायची आणि साफसफाई भलत्याच खात्यात. दोन्ही मिळून एकत्र भाडं देणार कोण? कुणाच्याच बजेटात तो रकाना नव्हता.

वाचता वाचता मी ताडकन उठून बसले. अरे, हा तर आमचा कॉम्प्रेसर!

आपल्याकडेही हा रकाना तयार करायचे प्रयत्न झालेत. महिंद्र अँड महिंद्रने २०१६ मध्ये स्वतःपुरती कार्बनची किंमत ठरवली, टनामागे १० डॉलर. म्हणजे आपल्याच कारभारातून निघणाऱ्या कार्बनवर कंपनीने आपणहून भाव लावायचा आणि कमी ऊर्जा लागणाऱ्या यंत्रणांमध्ये पैसे घालायचे. धुराला किंमत लागली, की तो फायनान्सवाल्यांना दिसायला लागतो. त्यांचे डोळे आकड्यांनाच सरावलेले असतात हो!

पण रकाना करूनही खुर्चीवरचा माणूस महत्त्वाचा राहतोच. पॉल पोलमन २००९ मध्ये युनिलिव्हरचे प्रमुख झाले आणि तिमाही नफ्याचे अंदाज जाहीर करणं त्यांनी बंद केलं. तीन महिन्यांच्या चष्म्यातून दहा वर्षांचं काम दिसत नाही, हा त्यामागचा विचार. २०१० मध्ये कंपनीचा शाश्वततेचा मोठा आराखडा आला. पोलमन २०१८ च्या अखेरीस पायउतार झाले. २०१९ मध्ये कंपनीने शब्द दिला, की नव्या प्लॅस्टिकचा वापर २०२५ पर्यंत निम्म्यावर आणू. २०२४ मध्ये दुसऱ्याच प्रमुखाच्या काळात तो शब्द सैल झाला. निम्म्याऐवजी साधारण एक तृतीयांश कपात, तीही २०२६ पर्यंत. आपल्या बाथरूममधल्या शांपूच्या पाऊचचं भवितव्य अशा खुर्च्यांवर ठरतं, बॉस.

मग माझं काय झालं?

मी दोन रात्री काढल्या आणि त्या प्रश्नासमोर खरं उत्तर लिहून पाठवलं. ‘सध्या ही जबाबदारी संचालक मंडळातील कुणाकडेही नाही.’ खाली एक ओळ टाकली, की मेंटेनन्स विभागाचा ऊर्जाबचतीचा प्रस्ताव तीन वर्षं प्रलंबित आहे. पाठवून झाल्यावर पोटात गोळा आला. बिल थकलं तर? पुढचं काम गेलं तर?

चार दिवस शांतता. मग फोन आला. नाही, माझं अभिनंदन वगैरे काही नाही. फायनान्सच्या प्रमुखांचं म्हणणं पडलं होतं, की ‘कमिटी आहे’ असं लिहिलं आणि ग्राहकाने मीटिंगचे कागद मागितले, तर काय दाखवायचं? टी-शर्टच्या साइझ? म्हणून मालकांनी हा विषय महिन्याच्या आढावा बैठकीत घेतला. जबाबदारी एका संचालकाकडे दिली. आणि मेंटेनन्सच्या साहेबांना तीन वर्षांत पहिल्यांदाच दहा मिनिटं बोलायला मिळाली.

गळती काढायला मंजुरी मिळाली. नवा कॉम्प्रेसर अजून ‘विचाराधीन’ आहे. पुस्तिकेच्या कव्हरवर शेवटी झाडच आलं, तेही साहेबांच्या हातातल्या झारीसकट. त्यामुळे मी क्रांती केली वगैरे समजू नका. माझे पैसे मिळाले, पण यंदा त्यांनी मला बोलावलेलं नाही. फाइल मात्र एचआरच्या टेबलावरून फायनान्सच्या टेबलावर गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

तुमची कंपनी शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल, तर तुम्हाला माझ्यासारखं चोरून बघायचीही गरज नाही. सेबीने २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल आणला, आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. त्यात हाच प्रश्न आहे. सस्टेनेबिलिटीचे निर्णय घेणारी संचालकांची समिती किंवा एखादा संचालक आहे का? असेल तर कोण? अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर असतो. लंच टाइममध्ये उघडा आणि तेवढं एक नाव शोधा. मग हळूच बघा, तो माणूस बजेटच्या मीटिंगला बसतो की नुसता ५ जूनला दिसतो.

आणि हो, ऑफिस रिकामं असताना कधी तरी कान देऊन ऐका. फुस्स् आवाज येतोय का?