सरकीचें तेल आणि न उडणारा द्रव

कापूस गिरणीकडे, तेल कढईंत आणि पेंड गोठ्यांत, ही सरकीची वांटणी जळगांव-धुळ्याच्या वाचकांस सांगावयास नको. या तेलाचें इंजिनास चालणारें इंधन करावयाचें तर त्याचा मिथेनॉलशीं संयोग घडवून एस्टर करावें लागतें; ग्लिसरीन वेगळें पडतें. प्रचलित रीतींत हें काम क्षाराकडून करवितात. पण तेल खवट असेल तर इंधनाबरोबर साबणहि हातीं येतो!

लायपेज नांवाचें विकर खवट तेलाचेंहि एस्टर करतें, व तेंहि मंद आंचेवर. मात्र मिथेनॉल अधिक झालें कीं तें निकामी होतें. येथें आयनिक द्रव साहाय्यास येतो. हें एक प्रकारचें लवणच. परंतु १०० अंश सेल्सिअसच्या आंत वितळणारें. पॉल वाल्डेन यांनीं १९१४ सालीं १२ अंशांवर वितळणारें असें लवण नोंदविलें. हा द्रव सहसा उडून जात नाहीं. नीट निवडला तर विकरास जपतो व तें पुन्हा कामास लावतां येतें. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेंतहि लायपेज व आयनिक द्रव यांवर संशोधन झालें आहे.

तथापि न उडणारें तें निर्दोषच, असें मानूं नये. यांतील कित्येक द्रव महाग, तर कांहीं जलचरांस घातक आहेत. शिवाय, ताटांतलें तेल यंत्रांत ओतणें आम्हांस पटत नाहीं. तळून उरलेलें तेल इंधनाकडे वळविण्याची योजना सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१८ सालीं आरंभिली. विकराची खरी परीक्षा त्या टाकाऊ तेलावरच व्हावी, असें आम्हांस वाटतें.