डोकरीला पाड्यावर एकटी ठेवणे म्हणजे सांभाळणे नव्हे

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की एक उत्तर हटकून ऐकू येते. ही शहरातल्या सुखवस्तू घरांची गरज आहे. खेड्यात, त्यातही आदिवासी समाजात, म्हातारी माणसे घरातच सांभाळली जातात. तिथे असल्या संस्थांचे काम काय? असे म्हणणाऱ्यांनी दिवाळी उलटल्यावर जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीकडच्या पाड्यांवर एकदा जाऊन यावे.

भात, नागली, वरई घरात आली की या भागातली कर्ती माणसे जगायला जातात. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, कुणी बांधकामावर, कुणी नाशिकच्या द्राक्षबागांत. भट्टीच्या शेठकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवराबायको दोघेही लागतात. तान्हे मूल बरोबर जाते. शिमग्याला चार दिवस घरी, पुन्हा कामावर, आणि पावसाच्या तोंडावर आवणीसाठी परत. मधल्या महिन्यांत पाड्यावर उरतात डोकरा, डोकरी आणि शाळेत जाणारी नातवंडे. उन्हाळ्यात विहीर आटल्यावर लांबून पाणी आणायचे, चूल पेटवायची, पोरांना जेवू घालायचे, हे सगळे त्या थकलेल्या बाईच्या अंगावर असते. तिला कोण सांभाळते? तीच सांभाळते आहे. ती तापाने अंथरुणाला खिळली तर जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत तिला नेणारे तरणे माणूस त्या वेळी पाड्यावर नसते.

मुलांच्या मनात माया नाही असे मी म्हणत नाही. माया आहे, पण माणूस घरात नाही. पोट भरायला गेलेल्या मुलाला दोष देणे हा अन्याय आहे, आणि त्याची आई घरच्या मायेत सुरक्षित आहे असे मानून स्वस्थ बसणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. वृद्धाश्रम हे म्हणे परदेशाचे अनुकरण, अलीकडचे खूळ. पुण्यातली ‘निवारा’ ही संस्था १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार आणि पंगू माणसांसाठी उभी राहिली. दीडशेहून अधिक वर्षे मराठी म्हातारी माणसे तिथे राहत आली आहेत. एकत्र कुटुंबांच्या भर काळातही ज्यांना कोणी नव्हते असे वृद्ध होतेच, आणि कुणीतरी त्यांच्यासाठी दार उघडले होते. ते दार संस्कृतीबाहेरचे कसे?

तिसरा आक्षेप कायदेपंडितांचा: २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायदा आहेच, मुलांकडून निर्वाहभत्ता मागा. ज्याच्या मुलाची कमाई उचलीत आधीच गहाण पडली आहे, त्या बापाने प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दावा लावून काय मिळवायचे? हा कायदा मिळवत्या मुलाला जबाबदारीची जाणीव करून देतो, ते चांगलेच आहे. गरीब मुलाच्या गरीब आईला तो काही देत नाही. याच कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, १५० निराधार ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने काढावा अशी तरतूद आहे, पण तिची सक्ती नाही. आणि असा आश्रम उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी निघाला तरी वांगणीच्या डोकरीने तिथे का जावे? तिची बोली वारली किंवा कोकणी आदिवासींची, तिचे अन्न नागलीची भाकर, तिचे सगेसोयरे या डोंगरात. दीडशे अनोळखी माणसांत तिला नेऊन ठेवणे म्हणजे तिला टाकणेच. आक्षेप घेणाऱ्यांच्या म्हणण्यात खरे आहे ते एवढेच, आणि ते मला पूर्ण मान्य आहे.

श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात. ते हवेतच. पण पैसा पाणी भरत नाही, पाय घसरून पडलेल्याला उचलत नाही. शिवाय ते काढायला बँकेपर्यंत जावे लागते आणि कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्रावर उमटावा लागतो.

मग काय हवे? पाड्यापाशी, गावातच, दहा-पंधरा माणसांचे घर. ज्यांचे लोक जगायला गेले आहेत त्यांनी त्या महिन्यांपुरते तिथे राहावे, आणि आवणीला मुले परतली की आपल्या घरी जावे. ज्यांना कोणीच नाही त्यांनी बारा महिने राहावे. दोन वेळचे शिजलेले अन्न, भरलेले पाणी, रात्री हाकेला ओ देणारे एक माणूस, औषधाच्या गोळ्या वेळेवर. पलीकडे एक खुराडेही हवे, कारण कोंबड्यांना वाऱ्यावर सोडून डोकरी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, आणि तिने का टाकावे? शाळकरी नातवंडाला तिच्याजवळ झोपता आले पाहिजे. भट्टीवर निघण्याआधी मुलाने तिला विचारावे, घर दाखवावे, स्वतः नेऊन पोचवावे. ती नको म्हणाली तर तिची झोपडी तिची. मग तिथे डबा पोचावा.

हे स्वप्नरंजन नाही. वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२ मध्ये, कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा. त्या धक्क्यानंतर सरकारची नजर इथल्या मुलावर आणि मातेवर खिळली. आज अंगणवाडी आहे, आशा कार्यकर्ती घरोघर फिरते, आणि २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना दिवसाला एक चौरस गरम जेवण मिळते. त्याच चुलीवर आणखी पंधरा माणसांचे शिजवायला काय हरकत आहे? ज्या घरात पोर उपाशी असते त्या घरात आजी त्याच्या आधी उपाशी राहिलेली असते. तिचे वजन मात्र कुणी करत नाही, तिची नोंद कोणत्याच वहीत नाही.

पैशाचेही उत्तर आहे. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हे तालुके आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतात. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट अशा ग्रामपंचायतींकडे येतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य हा त्यातला एक विषय आहे. डोकऱ्यांचा सांभाळ आरोग्यात बसत नसेल तर मग काय बसते?

अशी सोय झाली की मुले आईबापांना कायमची टाकतील, ही शेवटची भीती. माणूस टाकले जाते ते दूर, कुणाच्या नजरेआड. इथे तर सारा पाडा पाहतो आहे. पावसाला कोण आईला न्यायला आला आणि कोण आला नाही, हे ग्रामसभेत तोंडावर विचारता येईल.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा भट्टीच्या गाड्या पाड्यांवर येण्याआधी होते. वावर-वांगणीच्या आणि शेजारच्या गावांच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि जगायला निघालेल्या प्रत्येक मुलाला माझी विनंती आहे: या ग्रामसभेत डोकऱ्यांच्या घराचा ठराव मांडा, आणि तो वहीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका.